माझ्या तोंडचं तिच्या तोंडी

'स्वमग्न' हा शब्द कोणी काढला, देव जाणे. ज्यानं काढला त्यानं एक दिवस आमच्याकडे राहायला यावं. चहापोहे देईन, आणि मग विचारीन, की बाबा रे, या घरात स्वतःत मग्न कोण दिसतंय तुला? माझी धाकटी मुलगी स्वमग्न आहे, असं तिच्या सरकारी दाखल्यावर लिहिलंय. प्रत्यक्षात आमच्या घरात दुसऱ्याचं ऐकून घेणारं माणूस ती एकटीच. आमचे हे पेपरात मग्न, थोरली मुलगी रविवारी आली की फोनमध्ये मग्न आणि मी माझ्या बडबडीत मग्न. धाकटी खिडकीपाशी भिंतीकडे तोंड करून सुतळीचा तुकडा फिरवत बसते आणि घरात पडलेला शब्द न् शब्द उचलून ठेवते.

आणि मग बोलते. तेही माझ्या आवाजात. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवायचे. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज आहे माझा, आणि ळ नि ण यांची हयगय केलेली मला खपत नाही. धाकटीला 'मला भूक लागली' हे साधं वाक्य आजही जुळवता येत नाही, पण तिचा ळ ऐकावा एकदा! माझी अख्खी वाक्यं ती चढउतारासकट आणि रागासकट जशीच्या तशी उचलते आणि तिच्या मनाला येईल तेव्हा बाहेर काढते.

एकदा माझी नणंद दुपारी आली होती. चहा झाला, पोहे झाले, त्यांच्या सुनेच्या कागाळ्या झाल्या, पुन्हा चहा झाला. मी स्वयंपाकघरात कपबशा विसळता विसळता आपली पुटपुटले, "दिवेलागण झाली, आता काय इथेच मुक्काम आहे की काय?" धाकटी उठली, बाहेरच्या खोलीत गेली, नणंदेसमोर उभी राहिली आणि माझ्या खणखणीत आवाजात म्हणाली, "दिवेलागण झाली, आता काय इथेच मुक्काम आहे की काय?" नणंदबाईंनी पर्स उचलली. पुढे दिवाळीपर्यंत फिरकल्या नाहीत. हे मला म्हणाले, "तुझं काम परस्पर झालं की." आमचे हे एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. तिथे मोजून माल द्यायची सवय लागली, ती बोलण्यातही उतरली.

आज हसते, पण सुरुवातीला हसू कुठलं यायला! ती लहान होती तेव्हा तिला काय झालंय हेच कोणी धड सांगेना. शेवटी एका डॉक्टरांनी सांगितलं. मग दाखला काढायला गेलो, तर तिथल्या छापील यादीत स्वमग्नतेला जागाच नव्हती. डॉक्टर भले होते. म्हणाले, "बाई, मला कळतंय हो, पण यादीत आहे तेच मला लिहिता येतं." त्यांनी 'मतिमंद' लिहिलं. तो कागद मी कपाटात साड्यांच्या खाली सारला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन वर्गावर विनाकारण ओरडले.

पुढे काही वर्षांनी दिल्लीत दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला आणि त्यात स्वमग्नतेला तिचं स्वतःचं नाव मिळालं. शब्दाला मी नावं ठेवते खरी, पण तो नव्या दाखल्यावर पहिल्यांदा पाहिला त्या दिवशी मी सरकारी दवाखान्याबाहेरच्या दुकानातून पेढे घेतले. आपल्या मुलीला स्वमग्न म्हटलं म्हणून पेढे वाटणारी आई तुम्ही पाहिली नसेल. मी वाटले. घरी आणणाऱ्या रिक्षावाल्यालाही दिला. तो म्हणाला, "काय मावशी, मुलगी पास झाली वाटतं?" मी म्हटलं, "हो, पास झाली."

लोक सरकारला शिव्या देतात. मीही देते, त्यात मागे नाही. पण या बाबतीत मी जीभ आवरते. कारण असे कायदे आकाशातून पडत नाहीत. कुठल्या कुठल्या गावचे आईबाप आपापली पोरं कोणाच्या तरी गळ्यात घालून दिल्लीला गेले असणार, साहेबांच्या दाराबाहेर बसले असणार आणि 'आमच्या लेकरांना त्यांच्या नावानं ओळखा' म्हणून तेच तेच सांगत राहिले असणार. त्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नाही. पण देवाला दिवा लावताना त्यांची आठवण काढते. देव समजून घेतो.

त्याच सुमाराला धाकटीच्या शाळेत एक विशेष शिक्षिका आल्या. लातूरकडच्या, वयानं थोरलीपेक्षा थोड्याच मोठ्या. मी त्यांना पहिल्याच भेटीत म्हटलं, "ही नुसती पोपटपंची करते. आमचंच बोलणं आम्हाला ऐकवते. हे बंद कसं करायचं ते सांगा." त्या म्हणाल्या, "बंद कशाला करायचं? ती तिची भाषा आहे. तुम्ही वाक्याचा अर्थ वाक्यात शोधता, तिथे तो मिळणार नाही. ते वाक्य तिनं पहिल्यांदा कधी ऐकलं, तेव्हा काय चाललं होतं, ते आठवा. अर्थ तिथे असतो."

हे त्यांना काही स्वप्नात दृष्टान्त होऊन कळलं नव्हतं. त्यांनी विशेष शिक्षणाचा कोर्स केला होता, केंद्र सरकारच्या मान्यतेचा, शिष्यवृत्ती घेऊन. म्हणजे कुठेतरी कोणीतरी या मुलांचा अभ्यास केला, कोणीतरी तो शिकवण्यालायक केला, कोणीतरी त्यासाठी निधी मंजूर केला, आणि मग लातूरकडची एक मुलगी तो शिकून आमच्या विश्रांतवाडीत आली आणि माझ्याच मुलीचं बोलणं मला समजावून सांगू लागली. इतकी वर्षं मराठी शिकवूनही मला ती एक बोली येत नव्हती.

आम्ही आठवू लागलो आणि काय सांगू, एकेक वाक्य उघडत गेलं. घरातून निघताना मी थोरलीला दारात हटकून विचारायचे, "गॅस बंद केलास का?" धाकटी दिवसातून कितीदा तरी हेच म्हणायची आणि मी वैतागून म्हणायचे, "केला गं बाई, केला!" तिला गॅसशी काही घेणंदेणं नव्हतं. तिला म्हणायचं असायचं, चल, आपण जाऊ. कामवाली बुडवायची तेव्हा मी चिडून म्हणायचे ते "बाई आजही आल्या नाहीत" म्हणजे मला राग आलाय. यांचं "राहू दे गं" म्हणजे मला जवळ घ्या, कारण हे एरवी काही बोलत नाहीत, पण कोणी रडलं की पाठीवर हात फिरवत तेवढंच म्हणतात.

ही भाषा आमच्यात सगळ्यात लवकर थोरलीला आली. मी आणि हे आठवून आठवून अर्थ लावायचो, ती भराभर बोलायची. बहिणीशी बहिणीच्या भाषेत भांडायचीसुद्धा. आता थोरली हडपसरला आयटीत आहे. गेल्या वर्षी तिचं लग्न झालं. जावई अमरावतीकडचे, तिच्याच कंपनीतले, मनानं मोकळे. ती दोघं तिकडेच राहतात आणि रविवारी विश्रांतवाडीला येतात. शनिवारपासूनच धाकटी "गॅस बंद केलास का" सुरू करते.

मग धाकटी अठरा वर्षांची झाली. वाढदिवसाला शिरा केला, तिनं नेहमीप्रमाणे बेदाणे वेचून काढून टाकले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती गालावर मारून घ्यायला लागली. जेवेना. एकसारखी "बाई आजही आल्या नाहीत, बाई आजही आल्या नाहीत". काय दुखतंय ते सांगता येत नाही हो या मुलांना. आम्ही कान पाहिला, पोट पाहिलं, शेवटी दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. अक्कलदाढ आडवी आली होती. डॉक्टर म्हणाले, ही साधी काढता येणार नाही, तोंडही उघडू देत नाही, तेव्हा पूर्ण भूल देऊन मोठ्या हॉस्पिटलात काढावी लागेल.

मोठ्या हॉस्पिटलात गेलो. मी पर्समधून चष्मा काढला, पेन काढलं, म्हटलं आणा इकडे सही करते. तिथल्या डॉक्टरांनी जन्मतारीख पाहिली आणि थांबले. म्हणाले, "मुलगी सज्ञान आहे. सही तिचीच हवी. तिला समजून सही करता येत नसेल, तर कायदेशीर पालकाची."

"मग मी कोण आहे?" मी विचारलं.

"आपण आई आहात."

"तेच तर म्हणतेय!"

"बाई, अठरानंतर आई आणि कायदेशीर पालक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तातडीचं असतं तर मी थांबलो नसतो. पण हे ठरवून करायचं आहे, आणि पूर्ण भूल आहे."

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. धाकटीनं ते सगळं उचललं आणि आठवडाभर आमच्या सोसायटीच्या वॉचमनला ऐकवलं, एवढंच सांगते. डॉक्टर मात्र शांत होते. त्यांनी दुखणं दबायला औषध दिलं, पथ्य लिहून दिलं आणि म्हणाले, "लवकर करून घ्या. आज दाढ आहे, उद्या दुसरं काही असेल. आणि..." पुढचं त्यांनी उच्चारलं नाही. उद्या तुम्ही नसाल, असं त्यांना म्हणायचं होतं.

ते न उच्चारलेलं वाक्य मी घरी घेऊन आले. अशी मुलं असलेल्या कुठल्याही आईबापांना विचारा, त्यांच्या पोटात हे एकच वाक्य असतं. आमच्यानंतर हिचं कोण? बाकी सगळं सोसता येतं. लोकांच्या नजरा, बसमधली कुजबुज, नातेवाइकांचे सल्ले, सगळं. पण आपल्याला मरायची सोय नाही, हे नाही सोसवत.

शिक्षिकाबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, घाबरू नका, याचीही सोय कायद्यात आहे. केंद्राचा वेगळा कायदा आहे, अशाच मुलांसाठी. प्रत्येक जिल्ह्यात समिती असते, ती कायदेशीर पालक नेमून देते. कोर्टाची पायरी चढायला नको. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणत मी आणि हे कलेक्टर कचेरीत गेलो, तर तिथल्या कारकुनांनी चक्क बसायला सांगितलं, कुठले दाखले लागतील ते समजावलं आणि धाकटी त्यांच्या टेबलावरची सुतळी घेऊन फिरवायला लागली तर म्हणाले, "असू द्या, घेऊन जा." मी टोमणा मारायच्या तयारीनं गेले होते. तो तसाच परत आणला.

अर्जात आम्ही दोघांचीच नावं घातली.

हे थोरलीला कळलं त्या रविवारी आमच्या घरात जे झालं त्याला भांडण म्हणायचं नाही, कारण भांडणात दोघं बोलतात. ती म्हणाली, "आई, तुमच्या दोघांबरोबर माझंही नाव घाल ना." मी म्हटलं, "तुझं काय काम आहे त्यात?" ती म्हणाली, "माझी बहीण आहे ती." मी म्हटलं, "तू तुझी नोकरी सांभाळ. समितीपुढच्या सुनावणीला यायचीही गरज नाही." तिनं पर्स खांद्याला अडकवली. मग म्हणाली, "लग्न झालं तर परकी केलीस मला." आणि न जेवता निघून गेली. जावई बिचारे हातात ताट घेऊन उभे.

मी तिला थांबवलं नाही. थांबवलं असतं तर खरं बोलावं लागलं असतं. ती गेल्यावर संध्याकाळी स्वयंपाकघरात मात्र माझा बांध फुटला. यांना म्हटलं, "थोरलीचं नाव नको. तिचं आयुष्य तिला आहे. आपलं आपण बघू." पोरीचं लहानपण बहिणीपायी गेलं. सहल नाही, मैत्रिणी घरी नाहीत, परीक्षेच्या आदल्या दिवशी धाकटीचं किंचाळणं. आता कुठे तिचा संसार सुरू झालाय. नवं घर, नवी माणसं, उद्या तिला मूल होईल. तिच्या पदरात जन्मभराचं हे बांधायचं? सासरचे काय म्हणतील? मी रडत रडत तेच तेच म्हणत राहिले. हे म्हणाले, "राहू दे गं." खिडकीपाशी सुतळी फिरत होती.

सुनावणीच्या दिवशी आम्ही तिघं वेळेच्या आधी पोचलो. बघते तर थोरली आणि जावई दारात उभे. रजा काढून आली होती, चेहरा हा एवढा फुगवलेला. माझ्याशी बोलली नाही. जावई म्हणाले, "आई, मी बाहेरच थांबतो, तुम्ही या करून." ती मात्र आमच्या मागोमाग आत आली.

समितीत तिघं होते. मध्ये अधिकारी बाई, एका बाजूला पालकांच्या संस्थेतल्या एक वयस्कर बाई आणि दुसऱ्या बाजूला चाकांच्या खुर्चीत एक गृहस्थ. अशा समितीत एक दिव्यांग माणूस असलाच पाहिजे, असं कायद्यातच लिहिलंय. मी मनात म्हटलं, सरकारनं टेबलाशी जागा ठेवली, खुर्ची मात्र त्यांनी स्वतःची आणली. मनात म्हटलं, कारण धाकटी शेजारीच होती.

अधिकारी बाईंनी अर्ज दाढेच्या कारणासकट मोठ्यानं वाचला. "आईवडील आहात, हरकतीचं काहीच नाही. पण आपली वयं पाहता विचारते, आपल्यानंतर काय?"

मी पाठ करून आलेलं उत्तर सुरू केलं, की चांगल्या संस्था आहेत, चौकशी चालू आहे. तेवढ्यात थोरली उभी राहिली. "मॅडम, मी हिची सख्खी बहीण. आईबाबांबरोबर माझंही नाव घ्या. मी तयार आहे."

"हिचं ऐकू नका," मी म्हटलं. "हिला नोकरी आहे, घर आहे. ही भावनेच्या भरात बोलतेय."

"बाई, जरा थांबता का?" खुर्चीतले गृहस्थ म्हणाले. आवाज मऊ, पण माझ्यासारखीला थांबवणारा. "ज्यांच्यासाठी पालक नेमायचे, त्यांना कोणी विचारलंय का?" आणि ते खुर्ची पुढे घेऊन धाकटीच्या समोर आले. "आपल्याला काय वाटतं? ताईंचं नाव घालू या?"

माझ्या मुलीला 'आपण' म्हणणारा तो पहिला माणूस. लोक तिच्याशी बोलतात तेव्हा बाळाशी बोलतात, नाहीतर माझ्याशी बोलतात. मी तरीही म्हटलंच, "नाही हो सांगता येणार तिला." ते म्हणाले, "मला घाई नाही." आणि खरंच थांबले. पंखा फिरत होता, सुतळी फिरत होती. मग धाकटीनं सुतळी थांबवली आणि माझ्या आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं म्हणाली,

"थोरलीचं नाव नको. तिचं आयुष्य तिला आहे. आपलं आपण बघू."

अगं बाई! मला वाटलं जमीन दुभंगावी. अधिकारी बाईंच्या भुवया वर गेल्या. "स्पष्टच सांगितलं की त्यांनी," असं म्हणून त्यांनी लिहायला घेतलं. मला हवं होतं तेच झालं होतं, आणि मला काहीही करावं लागलं नव्हतं. मुलीनंच बहिणीला नकार दिला, असं कागदावर येणार होतं.

थोरली धाकटीकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. आवाज कोणाचा ते तिला कळणार नाही तर कोणाला? "आई," ती म्हणाली, "हे तू म्हणालीस? माझ्यासाठी? मला वाटलं, तुला मी नकोय यात." आणि भर कचेरीत ओक्साबोक्शी रडायला लागली.

बहिणीचं रडणं ऐकून धाकटी उठली. खुर्चीला धडकत तिच्याजवळ गेली, तिची ओढणी मुठीत धरून दाराकडे ओढायला लागली. "गॅस बंद केलास का? गॅस बंद केलास का?"

"आता गॅसचं काय मध्येच?" अधिकारी बाईंनी विचारलं.

थोरली डोळे पुसत सांगायला गेली, पण गृहस्थांनी तिला हातानं थांबवलं. "तुमच्याच नावाचा प्रश्न आहे, तुम्ही अर्थ सांगू नका." ते माझ्याकडे वळले. "आई, तुम्ही सांगा. काय म्हणताहेत त्या?"

काही नाही, असंच बोलते ती, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. थोरली सुटली असती. कोणाला कळणार होतं? मी यांच्याकडे पाहिलं. यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि आज 'राहू दे गं' म्हणाले नाहीत. वर्गात मुलीनं अर्थ विचारला आणि मी खोटा सांगितला, असं कधी झालं नव्हतं. ही तर माझीच मुलगी, आणि जन्मात पहिल्यांदा कोणीतरी तिला काहीतरी विचारलं होतं.

"ती म्हणतेय, चल, आपण जाऊ," मी म्हटलं. "ताईला म्हणतेय. मला नाही म्हणत."

"आणि आधी म्हणाल्या ते?"

"ते तिचं नाही. ते माझं आहे. मी घरी रडत रडत बोलले होते. तिनं ते म्हटलं याचा अर्थ एवढाच, की आई घाबरलीय."

शेवटचा शब्द मला नीट उच्चारताही आला नाही. संस्थेतल्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. गृहस्थ अधिकारी बाईंना म्हणाले, "लिहून घ्या मॅडम. त्यांना ताईबरोबर जायचंय." आणि अधिकारी बाईंनी आधीचं खोडून तसं लिहून घेतलं. मी नमस्काराला वाकले तर ते गृहस्थ म्हणाले, "बाई, माझ्या पाया पडून काय होणार? लेकीची दाढ काढून घ्या आधी." असं खरमरीत बोलणारा माणूस मला देवासारखा वाटला, तर त्यात माझा काय दोष?

बाहेर जावई फेऱ्या मारत होते. माझं तोंड बघून घाबरले. "काऊन रडून राहिल्या, आई? नाही म्हणाले का?" मी म्हटलं, "हो म्हणाले. पण तुमच्या घरी काय सांगणार तुम्ही?" ते हसले. "घरी तर लग्नाआधीच सांगून झालं. आमची आई फक्त इतकंच विचारून राहिली, की तिला भाजीत काय काय चालत नाही?" लग्नाआधीच! मी मात्र रात्रंदिवस त्या अमरावतीच्या बाईच्या नावानं धास्तावत होते. तिथल्या तिथे फोन लावून त्यांना म्हटलं, "विहीणबाई, बेदाणे चालत नाहीत, बाकी सगळं चालतं." आणि फोनवरच रडायला लागले, तर त्या म्हणाल्या, "असू द्या, असू द्या."

आदेशाचा कागद हातात आला, त्यावर आम्हा दोघांच्या खाली थोरलीचं नाव, आणि आम्ही दाढेसाठी हॉस्पिटलात गेलो. तेच डॉक्टर. मी त्यांच्यासाठी लाडू नेले होते, तोंडानं माफी मागणं मला जमत नाही. सिस्टर कागदांचा गठ्ठा घेऊन आल्या. मी उठले, पर्स उघडली, चष्मा शोधू लागले. तोवर थोरली त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली होती. हिला मास्कचा वास सोसत नाही, सुई टोचताना मोजू नका, नुसतं टोचा, शुद्धीवर येताना दिवा मंद ठेवा, ती 'बाई आल्या नाहीत' म्हणाली तर हात धरू नका आणि 'राहू दे' म्हणाली तर धरा, असं सगळं ती सांगत होती, आणि सिस्टर लिहून घेत होत्या. मला सांगायला काही उरलं नव्हतं. तिनं सही केली, बहिणीचा हात धरला आणि दोघी आतल्या दारापर्यंत गेल्या. मी मागून निघाले तर मान वळवून म्हणाली, "आई, तू बस."

मी बसले.

हे कॅन्टीनमधून चहा घेऊन आले आणि माझ्या शेजारी टेकले. मी त्यांना म्हटलं, "अहो, आता मी मेले तरी चालेल." असं बोलता येण्यासाठी मी अठरा वर्षं थांबले होते, आणि इतकं हलकं वाटलं, की हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं.

यांनी कप माझ्या हातात दिला. म्हणाले, "चहा पिऊन घे आधी. गार होतोय."